वेळापत्रक लावायला बसण्याआधीच्या बेरजा

शाळेत प्रयोगशाळा एक. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासिका, शनिवारी सकाळच्या पाच, म्हणजे आठवड्याच्या ४५. आठवी ते दहावीच्या मिळून नऊ तुकड्या, प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक तुकडीचे दोन गट, प्रत्येक गटाला आठवड्यातून एक जोड तासिका, म्हणजे सलग दोन. म्हणजे अठरा जोड्या, ३६ तासिका. ४५ पैकी ३६ भरल्या, नऊ तासिका प्रयोगशाळा मोकळीच. कागदावर सगळं आलबेल.

हे वेळापत्रक कधीच बसणार नाही.

तिसऱ्या तासिकेनंतर छोटी सुट्टी आणि पाचवीनंतर मोठी सुट्टी असेल, तर दिवसाचे तीन तुकडे पडतात: पहिल्या तीन तासिका, मग दोन, मग शेवटच्या तीन. अर्धा प्रयोग मांडून मुलं डबा खायला जात नाहीत, त्यामुळे जोड तासिका सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे टाकता येत नाही. तीन तासिकांच्या तुकड्यात जोडी एकच बसते, दोनच्या तुकड्यातही एकच. दिवसाला तीन, पाच दिवसांच्या पंधरा, शनिवारी तीन आणि दोन मिळून आणखी दोन. झाल्या सतरा. हव्यात अठरा.

वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालतं आणि सकाळी ‘दोन तासिका बसल्या नाहीत’ एवढंच सांगतं. त्या दोन तासिका विज्ञानाच्या असतील असंही नाही. शोधाशोध करताना प्रोग्रॅम बाकीच्या तासिका हलवत राहतो आणि शेवटी उघडी पडते ती बिचारी भूगोलाची. मग भूगोलाच्या शिक्षकांचं काय अडलंय हे पाहण्यात दोन दिवस जातात. खरा उपाय घंटेत असतो. छोटी सुट्टी दुसऱ्या तासिकेनंतर आणि मोठी चौथ्यानंतर नेली, की दोन, दोन आणि चार असे तुकडे होतात, दिवसाला चार जोड्या बसतात. शनिवार धरून बावीस. प्रश्न संपला.

म्हणून एएससी किंवा एफईटीसारखं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर असो की मोठा तक्ता आणि पेन्सिल असो, लावायला बसण्याआधी माहिती तपासायची. आणि तपासताना एक भेद लक्षात ठेवायचा. काही चुका वेळापत्रक घट्ट करतात. त्यांच्यामुळे गाडी अडते आणि निदान चूक आहे हे तरी कळतं. दुसऱ्या चुका वेळापत्रक सैल करतात. त्यांच्यामुळे सगळं झटपट बसतं, शंभर टक्के पूर्ण असा संदेश येतो, आणि सोमवारी तिसऱ्या तासिकेला एकच शिक्षक दोन वर्गांत हवे असतात.

नावं

सैल करणाऱ्या चुकांमध्ये पहिला नंबर नावांचा. नववीच्या यादीत ‘वऱ्हाडे एस. के.’ आणि सातवीच्या यादीत ‘वऱ्हाडे सं. का.’ असं लिहिलं, की सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन माणसं. दोघांना एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवायला त्याची काही हरकत नसते. उलटी चूक, म्हणजे दोन वेगळ्या पाटील सरांना एकच नाव, ही घट्ट करणारी. कार्यभार, म्हणजे आठवड्याच्या एकूण तासिका, ५८ निघतो, ४५ च्या वर गेला म्हणून लगेच सापडतो. बरं झालं म्हणायचं.

वऱ्हाडे हेच नाव मुद्दाम घेतलं, कारण ते अगदी तसंच दिसूनही वेगळं असू शकतं. यातला ‘ऱ्’ युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. एक्सेलचं चिन्हं मोजणारं ‘लेन’ सूत्र लावलं तर पहिल्या प्रकारात ७ येतात, उरलेल्या दोन्हींत ८. एक शिक्षक फोनवर टाइप करतात, कार्यालयात इनस्क्रिप्ट कळफलक असतो, तिसऱ्यानं गूगल इनपुटवर लिहिलेलं असतं. तीन याद्या एकत्र केल्या की हे होणारच. ‘ट्रिम’ इथे कामाचं नाही. ते पुढच्या-मागच्या साध्या मोकळ्या जागा काढतं, हे जोडचिन्ह काढत नाही, आणि वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरासोबत येणारी न तुटणारी जागाही काढत नाही.

यावर इलाज नावं दुरुस्त करत बसणं हा नाही. प्रत्येक शिक्षकाला संकेतांक द्या: शि०१, शि०२ असे. सगळ्या तक्त्यांत संकेतांकच जाईल, नाव एकाच यादीत एकदाच राहील. विषयांनाही तसंच. ‘इतिहास’, ‘इतिहास-राज्यशास्त्र’, ‘इति./रा.शा.’ हे तीन विषय नाहीत हे माणसाला कळतं, यंत्राला नाही.

श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टातल्या याद्या असतील तर त्या चिकटवू नयेत, नव्यानं युनिकोडमध्ये टाइप कराव्यात. तुकड्यांना अ, ब, क ऐवजी आकडे असतील आणि इंग्रजी अंकांत ‘९-१’ असं टाइप केलं, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. तासिकांचा रकाना मात्र खऱ्या संख्यांचाच हवा. देवनागरी अंक किंवा मजकूर म्हणून बसलेले अंक बेरजेत धरले जात नाहीत, आणि बेरीज करताना एक्सेल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सॉफ्टवेअरला देण्यासाठी सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाईल, काढताना ‘यूटीएफ-८’ असलेलाच पर्याय निवडायचा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

एक ओळ, एक नेमणूक

कार्यालयातला कार्यभार तक्ता बहुधा सुंदर असतो: वर्गांची नावं मोठ्या एकत्र केलेल्या चौकटींत, एका चौकटीत ‘८अ, ८ब – ५+५’. छापायला छान, तपासायला निरुपयोगी. एकत्र केलेल्या चौकटीतलं नाव फक्त पहिल्या ओळीत असतं, खालच्या ओळी रिकाम्या. पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींच्या गटवार बेरजा मांडणारा एक्सेलचा तक्ता, केलं की त्या तासिका ‘ब्लँक’ नावाच्या तुकडीत जमा होतात.

त्यापेक्षा साधी यादी करावी. एका ओळीत तुकडी, गट, विषय, शिक्षकाचा संकेतांक, आठवड्याच्या तासिका, त्यातल्या जोड किती, खोली. अठरा तुकड्यांच्या शाळेत अशा दोनशेच्या आसपास ओळी होतात. यावर दोन पिव्होट काढायचे. पहिल्यात आडव्या ओळींत तुकड्या आणि उभ्या रकान्यांत विषय. भोकं लगेच दिसतात: नववी अ आणि क ला जलसुरक्षेची १ तासिका आहे, ब ला नाही; ब ची बेरीज ४४. ही पुन्हा सैल करणारी चूक. सॉफ्टवेअर अडत नाही, ती एक मोकळी तासिका बुधवारी चौथी म्हणून कुठेतरी सोडून देतं आणि पन्नास-साठ मुलं वर्गात शिक्षकाशिवाय बसतात. बेरीज ४६ आली तर ती अडते, पण तेव्हाही ‘नववी ब जास्त आहे’ इतकंच कळतं. कोणता विषय वाढला ते शेजारच्या तुकड्यांशी ताडून पाहूनच ठरतं. स्व-विकास व कलारसास्वाद आणि शारीरिक शिक्षण या ओळी मागच्या वर्षीच्या फाईलमधून दोनदा चिकटलेल्या असतात, तिकडे आधी बघा.

दुसऱ्या पिव्होटमध्ये शिक्षक आणि त्यांच्या तासिका. नावांचा घोळ नसेल तर इथे ४५ ची मर्यादा कुणीच ओलांडत नाही, त्यामुळे नुसती ती बघून उपयोग नाही. बघायचं ते अटींशी जोडून. ‘दिवसाला सहापेक्षा जास्त नकोत’ अशी अट सगळ्यांना लावली आणि एखाद्याचा कार्यभार ३६ असेल, तर सहा दिवस गुणिले सहा बरोबर बसतात असं वाटतं. शनिवार पाचच तासिकांचा आहे. तीस आणि पाच, पस्तीस. तसंच, गणिताच्या ८ तासिका आणि ‘एका दिवशी एकदाच’ ही अट एकत्र नांदू शकत नाही. सहा दिवसांत आठ म्हणजे दोन दिवस दोनदा येणारच. एफईटीत दोन तासिकांमधल्या दिवसांच्या अंतराची अट ९५ टक्के वजनानं, म्हणजे गरज पडली तर मोडता येईल अशी, घालण्याची पद्धत आहे ती याचसाठी. तिथे उगाच शंभर करू नये.

निवृत्त झालेले, प्रसूती रजेवर असलेले, समायोजनानं दुसरीकडे गेलेले शिक्षक यादीतून काढले का, हे संचमान्यतेच्या, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्येच्या, कागदावरून नव्हे तर हजेरीपटावरून बघायचं.

शिक्षकांची बेरीज आणि वर्गांची बेरीज

पाचवी ते दहावी, प्रत्येकी तीन तुकड्या: १८ गुणिले ४५, म्हणजे ८१०. शिक्षकांच्या सगळ्या तासिकांची बेरीजही ८१० यायला हवी असं मानून पुष्कळ जण ती जुळवून आणतात. ती ८१० येणं हेच बऱ्याच शाळांत चुकीचं लक्षण असतं.

कारण गट. आठवी ते दहावीला हिंदी संपूर्ण, संस्कृत संपूर्ण आणि हिंदी-संस्कृत संयुक्त असे पर्याय असतात. इयत्तेच्या तिन्ही तुकड्यांची मुलं त्या वेळेला आपापल्या गटात जातात, म्हणून तिन्ही तुकड्यांची ती तासिका एकाच वेळी यावी लागते. तीन तुकड्या, तीन गट, तीन शिक्षक असतील तर बेरीज सारखीच राहते. दहावीला संपूर्ण हिंदीची मुलं जास्त म्हणून त्यांचे दोन गट केले, तर आठवड्याच्या ५ तासिकांना चौथा शिक्षक लागतो: अधिक ५. पाचवी अ आणि ब ला शारीरिक शिक्षणाच्या २ तासिका मैदानावर एकत्र असतील तर दोन वर्गांना एक शिक्षक: वजा २. एवढेच फरक असतील तर शिक्षकांची बेरीज ८१३ यायला हवी. हा हिशेब कागदावर आधी मांडायचा, मग पिव्होटशी ताडायचा. एकाचाही फरक सोडून द्यायचा नाही.

याच चौथ्या गटाला खोली कोणती? तीन वर्ग रिकामे होतात, गट चार आहेत. ग्रंथालय असं ठरवलं असेल तर ग्रंथालयाच्या ओळीत त्या ५ तासिका धरल्या का, तेही पाहायचं.

गटांमधली सगळ्यात गोड दिसणारी अडचण संयुक्तची. समजा नववीला या विषयाच्या ५ तासिका आहेत. संस्कृत संपूर्णला पाचही तासिका संस्कृतच्या बाई. संयुक्त गटाला ३ हिंदी आणि २ संस्कृत. शाळेत संस्कृतच्या बाई एकच. तिन्ही गट एकाच वेळी चालतात, म्हणजे संयुक्तच्या त्या दोन तासिकांना बाई संपूर्णच्या वर्गात आहेत. इतर सगळं वेळापत्रक कोरं ठेवलं तरी हे बसणार नाही. बाईंचा कार्यभार मात्र तीसच्या आतच दिसतो, म्हणून बेरजांमध्ये हे सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक गटजुळणीची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या गटांची, तासिकेगणिक एक ओळ लिहून काढावी लागते: पहिल्या तासिकेला कोणते तीन शिक्षक, दुसऱ्या तासिकेला कोणते तीन, असं पाचही तासिकांचं. एका ओळीत तेच नाव दोनदा आलं की थांबा. सुटका दोनच मार्गांनी: त्या दोन तासिकांना संस्कृत शिकवू शकणारं दुसरं कुणी, नाहीतर जूनमध्येच तुकड्या पाडताना अ मध्ये सगळी संपूर्ण संस्कृत, ब मध्ये सगळी संयुक्त अशी मुलं बसवणं, म्हणजे एकत्र वेळेची गरजच उरत नाही. दुसरा मार्ग वेळापत्रकाला सोयीचा, पण त्यानं ‘हुशार’ तुकडी आणि उरलेली तुकडी असा भेद पडतो. सोयीसाठी तो करू नये असं आमचं मत.

जोडीनं अडणारे

एकेकट्यानं सगळे ठीक, दोघं मिळून अशक्य, असा प्रकार शोधायला सगळ्यात अवघड. कनिष्ठ महाविद्यालयातही शिकवणारे दोन शिक्षक घ्या. सकाळी तिकडे, त्यामुळे माध्यमिकला ते पाचव्या तासिकेनंतरच मिळतात: सोमवार ते शुक्रवार सहावी, सातवी, आठवी तासिका, म्हणजे १५ जागा. गणिताच्या सरांकडे दहावी अ च्या ८ आणि आणखी एका वर्गाच्या ६, एकूण १४. विज्ञानाच्या मॅडमकडे दहावी अ च्या ८ आणि दुसरीकडे ४, एकूण १२. दोघंही १५ च्या आत. दहावी अ ची बेरीज ४५, तीही बरोबर. पण दहावी अ ला या दोघांच्या मिळून १६ तासिका त्याच १५ जागांत हव्यात.

ही तपासणी सगळ्या शिक्षकांची करायची गरज नसते. वेळेची अट असलेले शिक्षक, म्हणजे अर्धवेळ, तासिका तत्त्वावरचे, दोन शाळांत जाणारे, सहसा पाच-सहाच असतात. प्रत्येक तुकडीपुढे यातले कोण येतात ते लिहा, त्यांच्या तासिकांची बेरीज करा, आणि सगळ्यांच्या मिळून वेगवेगळ्या जागा किती होतात ते मोजा. बेरीज जास्त निघाली तर एकाचा वर्ग बदला. जेमतेम बरोबर निघाली तरी बदला, कारण तिथे हिंदी-संस्कृतचा गट किंवा प्रयोगशाळेची जोडी येऊन धडकणारच.

वर्गशिक्षकाची अटही याच जातीची. पहिली तासिका रोज वर्गशिक्षकाची, हजेरी त्यातच. मग वर्गशिक्षकाकडे त्या वर्गाच्या किमान ६ तासिका हव्यात. चित्रकलेच्या २ तासिका घेणारे सर सातवी ब चे वर्गशिक्षक असतील तर ही अट पहिल्याच दिवशी मेली. मराठीच्या बरोबर ६ असतील तर बसतं, फक्त त्या वर्गाला वर्षभर मराठी पहिल्याच तासिकेला. आणि अर्धवेळ शिक्षक वर्गशिक्षक नकोत, हे सांगायला नको, तरी दरवर्षी एखादं नाव निघतंच.

मग सॉफ्टवेअर

एएससीत वेळापत्रक तयार करण्याआधी चाचणी घेण्याची सोय आहे, एफईटीतही शिक्षकांच्या आणि वर्गांच्या तासिकांची आकडेवारी मिळते. ती जरूर चालवा. साध्या बेरजा त्यात पकडल्या जातात, पण वरच्यासारख्या गुंतलेल्या गोष्टी पकडल्या जातीलच असं नाही. हे सॉफ्टवेअरचा आळस म्हणून नव्हे. हंगेरियन गणिती डेनेश केनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या एका प्रमेयातून असं निघतं की फक्त वर्ग आणि शिक्षक असतील, बाकी काहीही अट नसेल, तर कुणाच्याच तासिका ४५ च्या वर नाहीत एवढं पुरतं: वेळापत्रक हमखास बसतं. पण शिक्षक अमुक वेळेला मिळणार नाहीत, वर्ग अमुक वेळेला रिकामे नाहीत, अशा अटी आल्या की हमी गेली; तेव्हा प्रश्न संगणकशास्त्रात ज्यांना अतिअवघड म्हणतात त्या वर्गात जातो, हे एव्हन, इताई आणि शमीर यांनी १९७६ मध्ये दाखवलं. बसणारच नाही हे सिद्ध करण्याइतका वेळ प्रोग्रॅमकडे नसतो. तो शोधत राहतो.

या प्रमेयाचा रोजचा उपयोग आहे. पहिली फेरी सगळ्या अटी बंद ठेवून चालवायची: गटजुळणी नाही, प्रयोगशाळा नाही, वेळेची बंधनं नाहीत. ही फेरी काही सेकंदांत बसली पाहिजे. नाही बसली तर अजून बेरीज चुकलेली आहे, नाहीतर एखादी अट चालूच राहिली आहे. मग अटी एकेक करून चालू करायच्या, आधी गटजुळणी, मग बाहेरून येणाऱ्या शिक्षकांच्या वेळा, मग जोड तासिका आणि खोल्या, मग वर्गशिक्षक, आणि ‘शनिवारी शेवटची तासिका नको’ वगैरे आवडीनिवडी अगदी शेवटी. प्रत्येक पायरीला फाईल वेगळ्या नावानं साठवायची. दोन मिनिटांत बसणारी फेरी एकदम अर्धा तास चालूनही संपत नसेल, तर शेवटी चालू केलेली अट बघायची. थांबल्यावर दिसणाऱ्या तासिकेवर विश्वास ठेवू नये. एफईटीत फेरी पुन्हा पुन्हा बसलेल्या तासिकांच्या त्याच आकड्याशी येऊन थांबत असेल, तर त्या तासिकेचे शिक्षक, तिचा वर्ग आणि त्यांच्याबरोबर बांधलेले गट, एवढ्यांच्या जागा कागदावर मोजायच्या.

हे सगळं करूनही सैल करणाऱ्या चुका उरतात, कारण त्या अडतच नाहीत. त्यांना पकडायला शिक्षकच लागतात. प्रत्येकाला त्यांच्या नावाची चिठ्ठी छापून द्या: वर्ग, विषय, तासिका, एकूण, आणि मिळणाऱ्या वेळा. वेळापत्रकाची नव्हे, नुसत्या कार्यभाराची. सही करून दुसऱ्या दिवशी परत. ज्यांना दोन चिठ्ठ्या मिळतील ते लगेच विचारतील, आणि ज्यांना एकही मिळणार नाही ते तर त्याआधीच.